कारणाचा रकाना

काशिनाथचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. काशिनाथ म्हणजे किहीमला माझ्या मावसबहिणीची, मेधाची, वाडी सांभाळणारा. "बाय, लगेच या. मेधाबाय उठत न्हाय," एवढंच तो म्हणत राहिला. मी खेकसले, "उठत नाही म्हणजे काय? जोरात हाक मार!" ...त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय अवघं अठ्ठेचाळीस. महिना उलटला, पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही कमी होत नाही.

मेधा करते काय, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. नवी मुंबईतल्या एका कंपनीसाठी ती घरून मेडिकल कोडिंग करायची. अमेरिकेत कुणाचं रक्त तपासलं की त्या तपासणीला एक कोड द्यायचा आणि ती ज्या आजारासाठी केली त्याला दुसरा. दोन्ही जुळले तरच विमा कंपनी बिल मान्य करते. हिच्या वाट्याला व्हिटॅमिनच्या तपासण्या, बहुतेक उन्हातून मिळणाऱ्या डीच्या. त्या सहज म्हणून केलेल्या चालत नाहीत, डॉक्टरांनी कारण लिहिलेलं लागतं. मी चिडवायची, "माडांच्या सावलीत बसून परक्यांच्या अंगावर ऊन किती पडलं ते मोजतेस!" ती हसायची, पण नियमाला पक्की. एकदा कुणा म्हातारीच्या कागदांत औषधं सगळी हाडांच्या आजाराची होती, आजाराचं नाव मात्र कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "ढळढळीत दिसतंय की! टाक लिहून." "ताई, आपण अंदाज करायचा नसतो. लिहिलं नाही, ते झालं नाही," असं म्हणून तिने 'कारण?' असा शेरा मारला आणि प्रकरण परत पाठवलं.

गणपतीनंतर ती थकलेली दिसायला लागली. एका दुपारी नारळांची टोपली घेऊन ओटीच्या पायऱ्या चढताना मधेच थांबली, टोपली खाली ठेवली आणि छातीवर हात धरून म्हणाली, "दगड ठेवल्यासारखं वाटतंय गं..." क्षणभरच. मग टोपली उचलून आत गेली. मीच मोठा शहाणपणा करून म्हटलं, "जगाची व्हिटॅमिनं तपासतेस, एकदा स्वतःची तपास." दुसऱ्याच दिवशी तिला अलिबागच्या लॅबमध्ये घेऊन गेले. तिथल्या फॉर्मवर तपासणीच्या कारणाचा रकाना होता. तो तिने कोरा ठेवला. मी म्हटलं, "हा फॉर्म तुझ्याकडे आला असता तर?" "परत पाठवला असता," ती हसत म्हणाली, "पण कारण डॉक्टरांनी लिहायचं असतं ना."

व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. थकव्याचं कारण सापडलं म्हणून आम्हाला दोघींना हायसं वाटलं, अगदी पेढे वाटावेत इतकं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट विचारलं, "थकव्याशिवाय आणखी काही त्रास?" मेधा म्हणाली, "नाही." मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला पायरी आठवत होती. पण तीच नाही म्हणते तर आपण कशाला मधे बोला, म्हणून मी पर्समधली चावी शोधत राहिले.

ती नाही का म्हणाली? घाबरली होती? की कुठल्याच कागदावर नसलेलं दुखणं तिने, सवयीने, दुखण्यातच धरलं नाही? आणि मी का गप्प बसले? रोज वेगळं उत्तर सापडतं, आणि संध्याकाळपर्यंत तेही पटेनासं होतं. मला तिचा राग येतो. मग माझाच येतो.

परवा तिची खोली आवरायला गेले होते. खिडकीशी टेबल, टेबलावर दर आठवड्याला दुधातून घ्यायच्या व्हिटॅमिनच्या पावडरीचं पाकीट... आठातल्या तीनच पुड्या संपलेल्या. कॉम्प्युटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, तिच्या अक्षरात फक्त 'कारण?' कुणा अमेरिकन पेशंटची असणार. मी ती काढली नाही. तिच्याच खुर्चीत बसून हा लेख लिहायला घेतला आणि पायरीपाशी येऊन तासभर अडले. त्या दुपारबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही, मावशीलासुद्धा नाही. तिच्या नियमाने ते झालंच नव्हतं.

आता लिहिलंय, मेधा.