अडवलेला माणूस

रंगा गेल्याचं मला गणपतने कळवलं. सकाळी कोर्टात जायला निघालो होतो, काळा कोट हातावर होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा. मग आवाज आला, "वकीलसायेब, मी गणपत. सायेब गेलं." मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला. महाडहून पोलादपूर आणि तिथून आत ओढ्याकाठच्या कच्च्या रस्त्याने रंगाच्या घरापर्यंत मी कसा पोचलो ते आता आठवत नाही. रंगा गेला हे मनात शिरतच नव्हतं. फोन गणपतने केला, एवढंच डोक्यात घोळत होतं. कारण गणपत गेली काही वर्षं रंगाशी एक शब्दही बोलला नव्हता. त्याला तसं कारण होतं. आज रंगाबद्दल लिहायला बसलो आहे तर त्या कारणाला बगल देऊन लिहिता येणार नाही.

रंगा, म्हणजे श्रीरंग, आणि मी महाडच्या शाळेत आठवीपासून एका बाकावर. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. वडील मुंबईला गोदीत, आई वाडीवर नाचणी आणि दोन म्हशी सांभाळायची. तो महाडला वसतिगृहात राहायचा आणि रविवारी आमच्या घरी जेवायला यायचा. जेवताना फार बोलत नसे, पण एकदा बोलायला लागला की दोन्ही हात चालायचे. पुढे तो हवाई दलात गेला, लढाऊ विमानं उडवू लागला, तेव्हा वाडीवर कोणाला खरं वाटेना. त्याची आई माझ्या आईला म्हणाली होती, "मुंबैला गेला असता तर गनपतीला तरी आला असता गो. ह्यो वर गेला, आता खाली कदी यायचा?" तो यायचा. कोकण रेल्वे सुरू झाल्यावर वीर स्टेशनावर उतरून रिक्षाने थेट माझ्या दारात. नंदिनीशी लग्न झाल्यावर दोघं यायची. मूलबाळ झालं नाही. त्याच्या निवृत्तीच्या थोडं आधी नंदिनी आजारात गेली आणि मग तो एकटाच येऊ लागला.

कारगिलची लढाई झाली त्या उन्हाळ्यात तो तिकडेच होता. त्याच्याच वाडीतला महादेव, गणपतचा धाकटा भाऊ, पायदळात होता आणि तोही तिकडेच. महादेव परत आला तो तिरंग्यात. पोलादपूरच्या बाजारपेठेने त्या दिवशी दुकानं बंद ठेवली. पावसाळा संपता संपता रंगा सुट्टीवर आला, माझ्याकडे राहिला आणि वाडीवर गेलाच नाही. आईलाच खाली बोलावून घेतलं. मी विचारलं तर म्हणाला, "गणपतच्या दारावरून जायला लागेल रे." त्याहून अधिक सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. लढाईतून आलेल्या माणसाला काय विचारायचं ते मला कळतही नव्हतं.

ते त्याने सांगितलं फार वर्षांनी, निवृत्त होऊन कायमचा परत आल्यावर. आम्ही पाचाडला गेलो होतो. रायगड चढायचा बेत होता, पण त्याचा गुडघा दुखत होता म्हणून खालीच एका खानावळीत पिठलं-भाकरी मागवून बसलो. बोलता बोलता त्याने ताटातली भाकरी उचलली आणि दोन बोटांत उभी धरली. "ही डोंगराची धार समज," म्हणाला. "ही इकडची बाजू आपली. धारेवर ते बसलेले. आपली पोरं खालून चढतायत आणि ते वरून मारतायत. आम्हाला हुकूम काय, तर नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. विमानाचा पंखसुद्धा पलीकडे जाता कामा नये. म्हणजे बॉम्ब टाकायचा तो असा, धारेच्या कडेकडेने येऊन, आणि टाकला की लगेच इकडे वळायचं. आडवं येता आलं असतं तर नेम बसला असता. कडेकडेने येताना थोडा चुकला तरी बॉम्ब दरीत." मग भाकरीच्या पलीकडच्या बाजूला त्याने बोट ठेवलं. "आणि इथे, ओढ्याच्या काठाला, त्यांचे तंबू. खेचरं. दारूगोळ्याचे ढीग. मला दिसायचे रे ते. रोज दिसायचे. धारेवरच्यांना सगळं तिथूनच मिळत होतं. दोन विमानं पुरली असती. मी खाली येऊन साहेबांना नकाशावर दाखवलं. ते म्हणाले, मला माहीत आहे, श्रीरंग. वरूनच नकार आलाय." त्यांच्यातल्या एकाने हेल्मेट टेबलावर आपटलं, असं रंगा म्हणाला. एकजण रडला. रंगा दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कडेकडेने गेला आणि तसाच वळला.

मी वकिली डोक्याने म्हणालो की लढाई पसरली असती, दोन्हीकडे अणुबॉम्ब होते, कोणीतरी कुठेतरी थांबायलाच हवं होतं. तो चिडला नाही. "ते मला समजतं," म्हणाला. "तेव्हाही समजत होतं. डोक्याला पटतं रे. पण बटणावर बोट माझं होतं. त्याला नाय पटत." भाकरी हातातच होती. ती त्याने ताटात ठेवली आणि पुढे खाल्ली नाही.

महादेव त्याच धारेवर पडला की शेजारच्या एखाद्या डोंगरावर, हे मला कधीच नक्की कळलं नाही. रंगाच्या मनाने मात्र ते कधीच ठरवून टाकलं होतं. पुण्यात चांगला फ्लॅट असताना तो इथे, वाडीच्या पायथ्याशी घर बांधून राहिला, तो त्यामुळेच असं मला वाटतं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर चढून तो गणपतकडे गेला आणि ते तंबू, तो हुकूम, सगळं त्याने त्याला सांगितलं. गणपतची बायको पारू चुलीशी होती. गणपतने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी काय करनार सायेब. हुकूम म्हंजी हुकूम." पारूने चहा दिला. त्या दिवसापासून रंगाचं दूध गणपतकडून येऊ लागलं, आणि दसरा-दिवाळीला जेवण पारूच्या हातचं. तिच्या हातच्या घावनांची तो मला फोनवरून वर्णनं ऐकवायचा. ती चार-पाच वर्षं तो खूश होता. नंदिनी गेल्यानंतर मी त्याला तसा फक्त तेव्हाच पाहिला.

आणि मग ती दरड आली.

मी तिथे नव्हतो. आमच्या महाडात सावित्री शिरली होती, माझ्या ऑफिसात छातीपर्यंत पाणी आणि नंतर गुडघाभर चिखल. फोन बंद, रस्ते बंद. रंगाच्या वाडीचं काय झालं ते मला आठवड्याने कळलं, तिथे हजर असलेल्या लोकांकडून. रात्रभराच्या पावसानंतर सकाळी डोंगराचा एक भाग सुटला आणि वाडीची अर्धी घरं घेऊन खाली आला. गणपत तेव्हा ओढ्यापलीकडे गोठ्यावर होता, पारू घरात. खालून पहिला पोचला तो रंगा. वाडीतले वाचलेले तरुण ढिगाऱ्याकडे धावत होते. रंगाने वर पाहिलं. डोंगराची दुसरी बाजू अजून उभी होती, पण माथ्याशी तिला लांबच लांब भेग पडलेली आणि भेगेतून पाणी वाहत होतं. ती बाजू सुटली असती तर ढिगाऱ्यावर जो असेल तो गेला असता. तो वाटेत आडवा उभा राहिला. "कोणीही पुढे जायचं नाही," म्हणाला. लोक थांबले, कारण सांगणारा सायेब होता. गणपत मात्र थांबला नाही. कोणीतरी म्हणत होतं आतून आवाज आला, कोणी म्हणत होतं तो पाण्याचा. गणपत ढकलत पुढे आला, तेव्हा रंगाने दोघांच्या मदतीने त्याला कवेत धरलं, खाली पाडलं आणि धरून ठेवलं. चिखलात पडल्या पडल्या गणपत ओरडला, "तवा तुमाला त्यांनी अडवलं म्हनून माजा भाव गेला! आज तुमी मला अडवताव? सोडा! माजी बायको हाय आत!"

रंगाने सोडलं नाही. मदत दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पारू तुळईखाली सापडली. ती कधी गेली हे डॉक्टरला विचारायची गणपतची हिंमत झाली नाही, आणि रंगाचीही.

आणि डोंगराची ती दुसरी बाजू... ती पडलीच नाही. त्या दिवशी नाही, त्या पावसाळ्यात नाही, पुढच्याही नाही.

पुढे कधीतरी तालुक्याच्या ठिकाणी त्याचा सत्कार ठरला. प्रसंगावधान, शहाणपणाचा निर्णय, तरुणांचे जीव वाचले वगैरे. त्या तरुणांच्या आया खरोखरच त्याच्या पाया पडल्या होत्या. तो सत्काराला गेला नाही. शाल आणि नारळ कोणीतरी घरी आणून दिले, ते त्याने दारातूनच परत केले. मी त्या संध्याकाळी त्याच्याकडेच होतो. अंगणात अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. तो हात मांडीवर ठेवून बसला होता आणि बोलतानाही ते हलले नाहीत. "त्या वेळी दिल्लीत ज्याने नाही म्हटलं ना," तो म्हणाला, "त्याचा मला नुसता राग होता. इतकी वर्षं. तो माणूस नंतर कसा जगला असेल, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं." मी म्हणालो, तू बरोबर केलंस. तो म्हणाला, "ते मला कोण सांगणार? ती बाजू पडली असती तर मला कळलं असतं. आणि ती पडावी असं तर मला म्हणता येत नाही." मग उठून आत गेला, दिवा लावला आणि मला भात वाढला.

वाचलेल्या कुटुंबांना खाली, रंगाच्या घराच्या पलीकडेच, पत्र्याची घरं मिळाली. म्हणजे गणपत आता रंगाचा शेजारी झाला. रोज सकाळी तो म्हशी घेऊन रंगाच्या फाटकावरून जायचा. रंगा फाटकाशी उभा असायचा. गणपत मान वळवत नसे. दूध दुसरीकडून येऊ लागलं होतं. मी एकदा रंगाला म्हटलं, "कशाला उभा राहतोस? पुण्याला चल, नाहीतर माझ्याकडे चल." तो म्हणाला, "त्याला शिवी द्यावीशी वाटली तर मी तिथे असायला हवा." गणपतने शिवीही दिली नाही. मी गणपतशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, "माजं त्यांच्याशी भांडान नाय, वकीलसायेब. पन बोलायला गेलो की पारूचं तोंड दिसतं." दोन माणसं, मधे एक फाटक, आणि मी महाडहून कधीमधी जाणारा. रंगाचं जेवण कमी झालं, छातीत दुखू लागलं, तपासण्या करायला तो टाळाटाळ करू लागला. मुंबईला दाखवायला मी दोनदा गाडी ठरवली, दोन्ही वेळा त्याने काहीतरी कारण काढलं.

मला फोन आला त्या सकाळी रंगा फाटकाशी नव्हता. गणपत तसाच पुढे गेला, ओढ्यापर्यंत गेला आणि म्हशी तिथेच सोडून परत आला, असं त्याने मला नंतर सांगितलं. त्याने हाका मारल्या. फाटक उघडून तो आत गेला, दरडीनंतर त्या घरात पहिल्यांदाच. रंगा न्हाणीच्या दाराशी पडला होता, अंग गार झालं होतं. गणपतने त्याला उचलून खाटेवर निजवलं, अंगावर चादर घातली, शेजाऱ्याकडून माझा नंबर मिळवला आणि मग तो फोन केला. खांदा द्यायला तो पुढे होता. सगळा वेळ रडला नाही. लोक पांगल्यावर मात्र ओढ्यात उभा राहून बराच वेळ तोंड धुत राहिला.

गेल्या आठवड्यात मी घर आवरायला गेलो. भाचे-पुतणे कोणी नाहीत, त्यामुळे ते काम माझ्याकडेच आलं. गणपत दारात आला, चपला काढल्या आणि न सांगता मदतीला लागला. आम्ही बाहेरची खोली आवरली, मग आतल्या झोपायच्या खोलीत गेलो. त्या खोलीला चांगली मोठी खिडकी आहे, दरीकडची. तिथून सावित्रीचं खोरं दिसतं आणि वारा येतो. खाट तिथे असायला हवी होती. पण रंगाने ती ओढून मागच्या भिंतीला लावली होती, तिथल्या हातभर रुंदीच्या लहानशा खिडकीखाली, जिथे ना वारा ना उजेड. पाठ दुखायला लागली म्हणून मी खाटेवर टेकलो, उशीपाशी, आणि सहज बाहेर पाहिलं. त्या खिडकीतून फक्त एकच गोष्ट दिसत होती. डोंगराची ती दुसरी बाजू. वर ऐनाची झाडं, वाळलेलं गवत, माथ्याशी ती भेग, आता मातीने बुजत चाललेली. रंगा इतकी वर्षं डोळे उघडल्या उघडल्या पहिलं हे बघत होता.

गणपत माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी सरकलो तसा तोही खाटेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. पावसाला अजून दोन-तीन आठवडे होते. बाहेर पानही हलत नव्हतं. तो म्हणाला, "मी बी रोज उठून हीच बगतो."

आम्ही दोघं तिथेच, त्या खिडकीपाशी बसून राहिलो.