मालकाची पिपाणी

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मालकाचा आवाज आधी यायचा आणि मालक मागून. जिन्याच्या तळाशी उभं राहून त्याने नुसतं "कटर!" म्हटलं, की वर कापणीच्या टेबलापाशी आमच्या कटरची पाचावर धारण बसायची. एरवी माणूस कामात वाघ. थरावर थर रचलेलं कापड एका रेषेत कापावं ते त्यानेच. पण तो आवाज आला की हात थरथरे, रेषा वाकडी जाई आणि वाकड्या रेषेपायी पुन्हा तोच आवाज ऐकावा लागे. शेवटी मालकाने सुनावलं, "आता एक बाही वाकडी गेली, तर घरी बस!"

कटरच्या मेहुण्याने नुकतंच मनःशांतीचं शिबिर केलं होतं. तेव्हापासून त्याला दिसेल त्याचं मन अशांत वाटत होतं.

"भाऊजी, डोळे मिटा. मालकाचा आवाज आठवा. आला? आता तोच आवाज पिपाणीतून काढा. शब्द तेच ठेवा हं."

कटरने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने पोट धरून हसला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

दुसऱ्या दिवसापासून गुण आला. मालक कडाडला की कटरच्या कानात पिपाणी वाजे आणि कात्री सरळ चाले. हसू दाबायला तो मान खाली घाली. पोराला पश्चात्ताप होतोय, असं मालकाला वाटे आणि तोही खूश. घरी बायकोला मात्र शंका आली.

"अहो, मी बोलते तेव्हा काय वाजवता?"

"छे गं, काही नाही."

"मग गालातल्या गालात का हसता?"

असं बरेच दिवस चाललं. मग मालकाचा घसा बसला, तो काही केल्या उठेना. शस्त्रक्रिया झाली. बऱ्याच दिवसांनी तो कामावर आला आणि जिन्याखालून हाक ऐकू आली, "कटर!"

आवाज बारीक, चिरका. कटरला वाटलं, सवयीने आपणच पिपाणी लावली. त्याने ती मनातल्या मनात काढून ठेवली. आवाज तसाच राहिला. मशीनवर बसलेल्यांच्या माना खाली गेल्या आणि खांदे हलू लागले. एकट्या कटरला हसू आलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच केलं हे," घरी तो बायकोला म्हणाला.

"तुमच्या मनात एवढी ताकद असती, तर आधी आपलं छप्पर गळायचं थांबलं असतं. जेवा मुकाट्याने."

पण त्याला चैन पडेना. त्याने उलटा अभ्यास सुरू केला. मालक बोलू लागला की तो मनात जुना आवाज लावी, खिडकीच्या काचा हादरवणारा. पिपाणी सहज लागली होती. हे जमेपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले. जमलं, तसा हातही पुन्हा थरथरायला लागला.

आणि एक बाही वाकडी गेली.

मालक आला. त्याने कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग कटरच्या हाताकडे बघितलं.

"सगळे हसतात रे माझ्या पाठीमागे," तो हळूच म्हणाला. "तू अजून घाबरतोस मला?"

"हो मालक."

मालकाचे डोळे भरून आले. त्याने छाती फुगवली आणि उरलासुरला सगळा जोर लावून ओरडला, "मग उद्यापासून घरी बस!"

मशीनवाले फिदीफिदी हसले. कटरला मात्र काचा हादरलेल्या ऐकू आल्या.