मेथीखालच्या कागदावरची बाई

अंगारे-धुपारे मी कधी केले नाहीत, कुणाला करू दिले नाहीत. चौथी शिकलेय, पण भोळी नाही. तरी हे लिहितेय... कारण घरात कुणी ऐकून घेतलं नाही.

मुलाकडे अमेरिकेत ॲन आर्बरला असते. जानेवारी, दुपारचे तीन. नात ईशा कॉलेजसाठी गुलामगिरीच्या काळातली वर्तमानपत्रं वाचते. त्यातल्या एका पानाची प्रिंट तिनं मला दाखवली. कोपऱ्यात गाठोडं घेऊन पळणाऱ्या बाईचं बोटभर चित्र, खाली जाहिरात. ईशानं मराठीत सांगितली — हातावर भाजल्याची खूण, कामाला चलाख, काही कारण नसताना पळाली, पकडून देणाऱ्याला बक्षीस.

"कारण नव्हतं हे तिनं सांगितलं?"

"नाही गं आजी, ओनरनं. ॲड त्यानेच दिली ना!"

आमचे हे रोज पेपर मोठ्यानं वाचायचे. छापलंय म्हणजे खरं, असं मी जन्मभर धरून चालले. चांगलीच फसले.

ईशा क्लासला गेली. मला मेथी निवडायची होती. या घरात पेपर येत नाही, सगळे फोनवर वाचतात. म्हणून तेच पान खाली घेतलं. बाईच्या अंगावर मातीची मुळं टाकवेनात, तेवढा कोपरा मोकळा ठेवला. कुकर बंद करून परत आले तर — तिथं कोरी जागा. कागद कोरडा. शेजारचं एक अक्षर फिसकटलेलं नाही.

ईशाला दाखवलं. "इट्स ओके आजी, तू इरेज केलंस ना? मी परत प्रिंट काढते." नव्या प्रिंटमध्ये बाई होती. माझ्या कागदावर आजही नाही.

हीच ईशा मला सगळं सांगते म्हणून मी तिला सांगितलं, मी काही पुसलं नाही, बाई आपोआप गेली. तिनं बापाला सांगितलं. त्यानं मला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं — "आईला हल्ली भास होतात. बाकी मजेत आहे." मग डॉक्टरकडे नेलं. वार, तारीख, उलटे आकडे, त्यांनी विचारलेलं सगळं मी बरोबर सांगितलं. तो निकाल मात्र ग्रुपवर आला नाही.

त्या बाईच्या हालांपुढे माझं काहीच नाही, एवढं कळतं मला. पण आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहायचं आणि जगानं तेच खरं धरायचं, हे कसं लागतं ते आता कळलं.

चित्र कसं गेलं, मला अजून उलगडलेलं नाही. बाई कुठे गेली तेही ठाऊक नाही. ठाऊक असतं, तरी या घरात सांगितलं नसतं.