ऑपरेशननंतरची खाट

सोनाबाईंच्या पोटावर हात ठेवला, पण पोट दबलंच नाही. फळीसारखं कडक झालं होतं. असं पोट दिसलं की सर्जनला फार विचार करावा लागत नाही. आत कुठेतरी भोक पडलेलं असतं आणि जठरातलं सगळं पोटात पसरत असतं. याला परफोरेशन म्हणतात. भोक शिवायचं, पोट धुऊन काढायचं, दुसरा उपाय नाही.

बाई देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या. भाताच्या रोवणीत गुडघे दुखायचे म्हणून बाजारातून गोळ्या आणून उपाशीपोटी खायच्या. त्या गोळ्यांनीच जठर पोखरलं होतं. दुखणं सुरू झाल्यावरही दोन दिवस घरीच काढले. शेवटी नवऱ्याने, बिसन उईकेंनी, गावातल्या एकाच्या पिकअपमध्ये गादी टाकून त्यांना आणलं.

मी काम करतो ते एका ट्रस्टचं लहान हॉस्पिटल. थिएटर बरं आहे. आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही. भूल देणाऱ्या मॅडम बोलावल्यावर गोंदियाहून येतात.

आधी गोंदियाच्या एका मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. तिथला सर्जन म्हणाला, टेबलवर एक पेशंट आहे, पुढे अपघाताचा एक थांबलाय, संध्याकाळपर्यंत तरी जमणार नाही. मग मी आमच्या सुपरिंटेंडेंट सरांकडे गेलो.

"इथे करशील, पण नंतर ठेवशील कुठे?" त्यांनी विचारलं.

"तिथे नेऊन थांबवलं तर ऑपरेशनपर्यंत टिकायच्या नाहीत, सर."

"मग कर."

मॅडम आल्या. पोट उघडलं, पू काढला, भोक शिवलं, त्यावर पोटातल्याच चरबीचा पदर बसवला. कुठे अडलं नाही. बाहेर येऊन मी बिसनभाऊंना सांगितलं, ऑपरेशन चांगलं झालं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा श्वास वाढला. लघवी जवळजवळ थांबली. बीपी उतरायला लागलं. घरी काढलेल्या दोन दिवसांत रक्तात भिनलेलं इन्फेक्शन आता किडनी आणि फुप्फुसांवर उतरलं होतं. अशा वेळी आयसीयूत एक सिस्टर एका पेशंटजवळ उभी असते, व्हेंटिलेटर श्वास सांभाळतो, किडनीसाठी मशीन असतं. असे पेशंट तिथे वाचतात, मी वाचलेले पाहिले आहेत. आमच्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड होता. औषधं, ऑक्सिजन, जे होतं ते दिलं आणि फोन करत राहिलो. संध्याकाळी गोंदियात एक खाट रिकामी झाली.

अॅम्ब्युलन्समध्ये मी सोबत बसलो. बिसनभाऊ पुढे ड्रायव्हरजवळ. आमगाव मागे पडलं आणि बाईंचं हृदय थांबलं. छाती दाबत राहिलो. काही उपयोग झाला नाही.

गाडी कडेला घ्यायला सांगून मी खाली उतरलो. बिसनभाऊही उतरले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. म्हणाले, "तुमी त मनलं होतं ना जी, आपरेसन चांगलं झालं मनून. मंग काऊन गेली?"

मी सांगितलं, ऑपरेशन खरंच चांगलं झालं होतं. पण त्यानंतर जे लागतं ते आमच्याकडे नव्हतं. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"याच गाडीनं घरी नेता येईल का जी?" एवढंच त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरने गाडी वळवली.

पुढच्या मीटिंगमध्ये ट्रस्टींनी विचारलं की सर्जरीत काही चुकलं का. सरांनी नाही म्हणून सांगितलं. मग विषय संपला असं ट्रस्टींना वाटलं. सर म्हणाले, विषय तिथूनच सुरू होतो. बऱ्याच चर्चेनंतर एक मॉनिटर मिळाला. व्हेंटिलेटर चालवायला माणसं नाहीत, म्हणून तो नाही.

आता पोट उघडायचं ठरलं की मी भुलीच्या मॅडमना फोन करण्याआधी आयसीयूच्या खाटेसाठी फोन करतो. कधी मिळते. नाही मिळाली तरी पोट उघडावंच लागतं.