मळ्याच्या कोपऱ्यातला चर

भडगावजवळच्या एका गावात मी सून म्हणून आले, तेव्हा स्वराज्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. गावातल्या बायका उजाडायच्या आत नदीकडे जाऊन येत. दिवसा पोट दुखलं, तर अंधार पडेपर्यंत सोसत.

माझे वडील शाळामास्तर. आमच्या परसात शौचासाठी चर असे. बसायचं, वर माती लोटायची, भरला की बुजवायचा. पुढं त्याचंच काळं, भुसभुशीत खत होई. वास नावालाही नसे.

सासरचा मळा घराला लागूनच होता. मी कोपऱ्यात चर खणला, भोवती कापसाच्या पऱ्हाट्यांचा आडोसा केला. नवरा म्हणाला, "तुला करायचं ते कर. आईला मी काही सांगणार नाही."

वर्षभरानं चर उकरायची वेळ आली, तेव्हा गडी पुढं येईना. मी पदर खोचला आणि घमेली स्वतः वाहिली. चुलतसासरे बांधावर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, हे काम आपलं नाही."

"मग कोणाचं, आबा?"

ते बांधावरूनच माघारी वळले.

त्या खतावर मी भरताची वांगी लावली. झाडं वाकतील इतकी वांगी धरली. पण गावात कुणी हात लावेना, सारे हसत. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं. तुले लाज शे का नही?"

"आपलंच आपल्या मातीला दिलं, त्यात लाज कसली?" मी म्हटलं. त्यांनी माझ्या हातचं जेवण सोडलं आणि चूल वेगळी मांडली.

मी पाचोऱ्याच्या बाजारात बसले. खत कुठलं, असं कुणी विचारलं की खरं सांगे. काहीजण वांगी परत टोपलीत टाकत. काही हसत आणि घेऊन जात.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारीण दबकत आली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, नदीपर्यंत चालवत नव्हतं. "तुमच्या आडोशाला आणू का तिला?" मी फावडं दाखवलं आणि म्हटलं, "आण. माती मात्र टाकायची." महिनाभरात चार घरच्या बायका येऊ लागल्या. मी दुसरा चर खणला.

सासूबाईंचे गुडघे धरले, तेव्हा त्याही काठी टेकत तिथं जाऊ लागल्या. माती नीट टाकत. वांगं मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. मीही आग्रह केला नाही, आणि चर खणणंही थांबवलं नाही.