हरमलचा न थांबणारा ठेका

शिवोलीच्या धक्क्यावर ओहोटीमुळे फेरीबोट अडकून पडली, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पलीकडे चोपडे, तिथून जीपने हरमल. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. मराठी की कोकणी हा वाद मात्र जीपमध्येही चालूच होता.

किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या खोपीत हुमण (माशाची आमटी) आणि उंडो (कडक पाव) पुढ्यात आला, आणि तीन म्हातारे वाजवायला बसले. एकेकाळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेली माणसं. सॅक्सोफोनवर कायतान, ड्रमवर मिंगेल आणि गिटारवर एक अबोल गृहस्थ. हॉटेलांतले बँड बंद पडल्यावर कायतानने डिचोलीच्या खाणीवर नोकरी धरली होती; तिथली धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली ती बसलीच, असं खोपीचा मालक सांगत होता.

जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी हातातला पाव हातातच राहिला. गाणं संपलं, गिटार थांबली. मिंगेलच्या काड्या मात्र चालूच. कायतानने खाली घेतलेला सॅक्सोफोन पुन्हा ओठांना लावला आणि सगळं पहिल्यापासून वाजवलं. मग आणखी एकदा. परदेशी पाहुणे खुशीत टाळ्या पिटत होते. कायतानचे ओठ निळे पडले होते.

अखेर मिंगेल थांबला. कायतान खुर्च्या धरत धरत माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"अहो, जीव जाईल अशानं!" मी म्हणालो.

"ताका सोंपलां तें कळना," तो धापा टाकत म्हणाला. "आमी रावल्यार लोक ताका हांसतले." (त्याला संपलेलं कळत नाही. आम्ही थांबलो तर लोक त्याला हसतील.)

मी चोपड्याला परतणार म्हटल्यावर, मिंगेलला घरी सोडाल का, एवढंच त्याने विचारलं.

जीपमध्ये मिंगेल खुशीत होता. "कायतान पिसो जाला. रावपाचेंच कळना ताका. हांव वाजयना जाल्यार तो एकलोच पडटलो." (कायतान वेडा झालाय. थांबायचंच कळत नाही त्याला. मी वाजवलं नाही तर तो एकटा पडेल.)

मला राहवलं नाही. न थांबणारे तुम्हीच आहात आणि त्यापायी कायतानचा दम संपत चाललाय, हे मी सांगून टाकलं. म्हातारा आपल्या हातांकडे बघत राहिला.

"हांव?" त्याचे डोळे भरले. "फाल्यां सावन हात लावचो ना." (उद्यापासून हात लावणार नाही.)

फार वाईट वाटलं. पण कायतान वाचला, असंही वाटलं. उरलेली वाट मिंगेल बाहेरचे माड बघत बसला.

चोपड्याला मिंगेलची सून दारात उभी होती. उतरता उतरता त्याने हसून माझा खांदा दाबला.

"पात्रांव (साहेब), तुका एक सांगूं? कायतान पिसो जाला."

परतीच्या फेरीत मी एका कडेला उभा राहिलो. खरं एकदा सांगून टाकलं की सुटका होते, असं मी आजवर समजत आलो होतो. मी त्या म्हाताऱ्याला रडवलं तेवढं. उद्या कायतान पुन्हा तसाच फुंकणार होता.