हळदीच्या पायांची घोडी

मला पाहायला मंडळी आली तेव्हा मी नवऱ्याकडं पाहिलंच नव्हतं. पाण्याचा तांब्या पुढं करताना नजर गेली ती दारातल्या लिंबाकडं. तिथं एक काळीशार घोडी बांधलेली. हे तिच्यावर बसून आले होते. घोडीनं मान झटकली अन् मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. नंतर मैत्रिणींनी विचारलं, "कसा हाय गं?" मी म्हणाले, "लई उंच. मानेवरचे केस तर काय सांगू, पार खांद्यापोत्तर." लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा त्या बिचाऱ्या माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त घाबरल्या.

आमचं गाव हिंगोलीकडं, डोंगरकडा गावापासून फार लांब नाही. हळदीचा मुलूख. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की चैतात जत्रा भरते, अन् जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माळावर घोड्यांची शर्यत. बैलांच्या शर्यतीचे पट गावोगाव असतात, त्याचं आम्हाला काही कौतुक नाही. बैल पळतो तेव्हा धूळ उडते. घोडं पळतं तेव्हा पोटात काहीतरी सुटतं. ते नेमकं काय सुटतं, हे मला इतक्या वर्षांत सांगता आलं नाही.

नवी नवरी असताना सासूनं मला बायकांच्या घोळक्यात बांधावर बसवलं होतं, डोळ्यापर्यंत पदर घेऊन. घोडे सुटले अन् मी बैलगाडीच्या जुवावर चढून उभी! पदर कुठं, मी कुठं. "हाण, हाण!" म्हणून अशी किंचाळले की पलीकडच्या बांधावर बसलेल्या सासऱ्यांनी तंबाखू गिळली. मला पक्कं वाटायचं की आमची घोडी मलाच बघून पळते. तोंडाला फेस आला की मी म्हणायची, बघा जोर! डोळे पांढरे झाले की म्हणायची, बघा राग! एकदा शर्यत संपते त्या दोरीच्या अलीकडं कुणाचंतरी घोडं पुढच्या गुडघ्यांवर बसलं. मी बाजूच्या म्हातारीला सांगितलं, "देवाला नमस्कार घालून राहिलं बघा." म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं आज मी त्या वेळच्या माझ्याकडं पाहीन. ती शहाणी पोरगी आता समोर आली तर तिच्याच पाठीवर खोगीर टाकीन अन् माळाला दोन फेऱ्या मारायला लावीन. बघू मग नमस्कार कसा घालते.

आता आमच्या मालकांचे गुडघे गेलेत. घोड्यावर बसणं सोडा, बाजेवर बसायलाही त्यांना माझा खांदा लागतो. गुडघा दुखला की हिंगोलीचा डॉक्टर, पट्टा, मलम, गरम पाण्याची पिशवी अन् ती भरायला मी. अन् घोडीनं पाय उचलून धरला की हेच गृहस्थ बाजेवरून निकाल देतात, "काही न्हाई झालं तिला. दोन कोस पळाली की मोकळी व्हती." मी एकदा म्हटलं, "मग चला तुमी बी दोन कोस, मोकळे व्हा." संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. बरं वाटलं.

यंदाची घोडी तांबूस, पाच वर्षांची, अन् तिच्यावर बसणार होती आमची नात. मुलाची मुलगी. हिंगोलीला कॉलेजात जाते, पण सुट्टीला घरी आली की आईला भेटायच्या आधी तबेल्यात. जत्रेच्या कमिटीनं यंदा पहिल्यांदा पोरीला शर्यतीत उतरू दिलं होतं, तेही मी त्यांच्या दारात जाऊन बसले तेव्हा. कमिटीतला एक म्हणाला, "आजी, पोरीची जात, पडली-झडली तर?" मी म्हटलं, "तू गेल्या साली पडला तेव्हा तुझी जात कोन्ती व्हती?" झालं, नाव लागलं. पोरगी महिनाभर पहाटे उठून माळावर. सासरी गेलं तर हे जमणार नाही, हे तिला माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं.

शर्यतीच्या सकाळी आमच्याकडं घोड्याला हळद लागते. घरच्या बाईनं नवी हळद तेला-पाण्यात कालवायची अन् चारी पाय गुडघ्यापर्यंत पिवळे करायचे. ही हळद शर्यत होईपर्यंत धुवायची नाही. धुतली की नशीब धुतलं. माळावर दहा-बारा घोडे उभे राहिले की सगळ्यांनी पिवळे मोजे घातल्यासारखे दिसतात.

घोडीला हळद लावायचा मान माझा. मी माळावरच झाडाखाली लावली, कपाळालाही टिळा ओढला, हात धुतले, चहा प्यायले. परत आले तर तीन पाय अजून ओले, अन् पुढचा डावा पाय वाळून त्याला भेगा पडलेल्या. पापुद्रे गळून राहिले. जन्म हळद वाळवण्यात गेला माझा. उन्हाशिवाय हळद वाळते कधी? घोडी तर सावलीत होती. मी पायाच्या मागच्या शिरेवर हात ठेवला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा चटका. घोडीनं पाय ओढून घेतला.

माझ्या मनात पहिला विचार काय आला म्हणाल? आणखी ओंजळभर हळद थापावी. कुणाला कळणार नाही. थापलीसुद्धा! समोर पोरगी नवी विजार घालून उभी, केसांची घट्ट वेणी घातलेली, डोळे असे की त्यात बघवेना. तिनं विचारलं, "आजी, झालं का?" मी म्हटलं, "झालं की." अन् आमच्या डोळ्यांदेखत ती दुसरी हळदही वाळायला लागली.

पोरगी खाली बसली. हात लावायची तिला गरज नव्हती. "काल थोडा पाय आखडला व्हता तिचा," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं रात्रीतून उतरंल."

"आज्याला सांगितलंस?"

"आजा म्हणला, पळाली की मोकळी व्हती."

तेवढ्यात जनावरांची डॉक्टरीण आली. हल्ली हिच्या तपासणीशिवाय घोडं सोडत नाहीत. घोड्याला काठी मारणं नाही, दारू पाजणं नाही. वयानं माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. ती ओळीनं घोडे बघत आली अन् थांबली. "ह्यांचे पाय धुवा. हळदीखाली सूज आहे का नाही, मला काय कळणार?"

माळावर असा गलका उठला, जसं तिनं देवाचाच मुखवटा धुवायला मागितला. आमचे मालक खुर्चीवरून अर्धे उठले, बाकीचे अर्धे उठलेच नाहीत, तसेच वाकडे राहून ओरडले, "बाई, हळद उतरत न्हाई! आमच्या आज्या-पंज्यापासून न्हाई उतरली!" दुसरा म्हणाला, "हळद म्हंजे औषधच हाय, मॅडम." कमिटीवाले पागोटी सावरत इकडं-तिकडं बघायला लागले. डॉक्टरीण एकटी पडली. तिनं वही काढली, परत ठेवली.

मी नातीकडं बघितलं. तिला कळलं की मी काय करणार. ती मानेनंच नको म्हणाली. रागानं नाही, पुढलं ताट उचलताना भुकेलं लेकरू म्हणतं तशी.

मी पाण्याची बादली उचलली. "ओ मालक, आपल्या लग्नात हळद लागली तेव्हा मी तशीच पिवळी बोहल्यावर उभी राहिले का? आधी आंघोळ घातली न्हाई का मला? दोन बायकांनी घासून घासून चामडं काढलं व्हतं माझं. नवरीची हळद उतरती, तवा घोडीची काहून उतरत न्हाई? ही काय माझ्यापेक्षा सोवळी हाय?"

लोक हसले. हसणाऱ्या माणसाला बादली अडवता येत नाही. मी पाणी ओतलं. हळद ओघळली, अन् खाली पाय असा फुगलेला, जसं आत कुणी कणीस लपवलंय. डॉक्टरीण खाली बसली, अंगठ्यानं चाचपलं, अन् घोडीनं दात विचकले. "शीर दुखावली आहे. आज पळाली तर ही शीर तुटू शकते. मग आयुष्यभर उभीही नीट राहायची नाही."

हिंगोलीचे एक चाचा आहेत. त्यांच्या घरी पूर्वी टांगे होते. आमचं अन् त्यांचं घोड्यांवरून जुनं वैर. कमरेवर हात ठेवून ते माझ्यापुढं उभे राहिले. "भाभी, ये क्या करके रख दिये तुम? अब सबको धोना पडेगा ना." मी म्हटलं, "बराबर बोलले. घ्या बादली." त्यांनी मला पोटभर शिव्या देत, पण सगळ्यांच्या आधी, आपल्या पांढऱ्या घोड्याचे चारी पाय धुतले. पाय काठीसारखे सरळ निघाले. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो बघून मला पाणी ओतल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला. मग बाकीच्यांची पाळी. दोघे-तिघे घोड्याला पाणी पाजून आणतो म्हणाले अन् उसाच्या आडून गेले ते गेलेच.

आमच्या मालकांनी खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ केली. "पोरीचं वाटोळं केलं हिनं," एवढंच म्हणाले. ते मात्र लागलं. कारण पोरगी घोडीचा लगाम धरून बांधाला उभी होती, अन् तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी जवळ गेले. "शिव्या दे," मी म्हटलं.

"न्हाई."

"दे की. तुझ्या आज्यानं दिल्या, चाचांनी दिल्या."

"पुढल्या साली कमिटी मला घेणारच न्हाई. त्यांना निमित्तच पायजे व्हतं." मग थोड्या वेळानं, "तू धुतली नसती ना, तर मी बसले असते. अन् मला ते बी म्हाईत हाय." ती घोडीच्या दुखऱ्या पायावर ओलं फडकं गुंडाळायला लागली. मी फडक्याचं दुसरं टोक धरलं.

मग उरलेले घोडे सुटले.

काय सांगू. ती धूळ, ते टापांचं धडधडणं, जमीन आधी पायांना कळते अन् मग कानांना. चाचांचा पांढरा मधे होता, मग दुसरा, मग बघता बघता पुढं. माझी घोडी नाही, माझी नात नाही, वैऱ्याचं घोडं, अन् मी बांधाच्या कडेवर चवड्यांवर उभी राहून ओरडत होते, "हाऽऽण!" आमच्या मालकांनी खुर्ची परत फिरवून माझ्याकडं असं बघितलं की सोडचिठ्ठीच बाकी होती.

अन् मागं आमची घोडी. कान टवकारलेले, नाकपुड्या फुललेल्या, सगळं अंग ताणलेलं. दुखरा पाय अधांतरी धरून ती उरलेल्या तीन पायांवर पुढं ओढत होती. लोक म्हणतात ना, घोड्याला पळायची आवड असते, जबरदस्ती कुठं आहे? असतेच की आवड. तुटका पाय घेऊनही ती निघाली असती, दोरीपर्यंत पोचली असती अन् तिथंच बसली असती. तिला कोण सांगणार? लगाम धरून पोरगी अर्धी लोंबकळत होती, वेणी सुटलेली, तोंड मातीनं भरलेलं.

"आजी, हिला जायचंय!" ती रडत-हसत ओरडली.

"दिसून राहिलं मला! सोडू नको!" मी म्हटलं. माझा एक पाय तोवर बांधाखाली उतरलाच होता, धुळीच्या दिशेनं. "अन् मला बी धर!"

तिनं लगाम एका हाताला गुंडाळला अन् दुसऱ्या हातानं माझा पदर पकडला.